भिंतीवर चढलेली जमीन

कुणाच्याही घरी गेले की नाना आधी तांब्याभर पाणी मागायचे. प्यायला नव्हे, अंगणात ओतायला. ओतून झालं की कमरेवर हात ठेवून विचारायचे, "बठ्ठं पानी कोठे जाई?" सगळं पाणी जाणार कुठे, हीच त्यांची कायमची अहिराणी चिंता. भाच्यासाठी धरणगावला मुलगी पाहायला गेले, तिथेही आधी अंगणाचा उतार पाहिला, मग मुलगी. लग्न जमलं. उतार चांगला होता, असं ते सांगत.

नाना धुळ्याचे निवृत्त ओव्हरसीअर. नोकरी सगळी कालव्यांवर गेलेली. मी जळगावात नकाशे काढायचं ऑफिस चालवायचो. नव्वदीच्या अखेरीस मी कंप्युटर घेतला आणि त्यात घराचं चित्र उभं करणारा प्रोग्राम आहे हे कळल्यापासून नाना दर शनिवारी एस.टी.नं हजर.

त्यांना घर नको होतं, भिंत हवी होती. पूर्वी घरामागच्या उतारावर भिंत बांधून, भराव घालून त्यांनी अंगण सपाट केलं होतं. पुढच्याच पावसाळ्यात तिथलं पाणी खाली राहणाऱ्या धाकट्या भावाच्या, आप्पांच्या, स्वयंपाकघरात शिरलं. जन्मभर गावोगावचं पाणी वळवलेल्या माणसाची ही चूक! आप्पांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. आता ती भिंत पाडून नवी बांधायची, पण आधी चित्र आप्पांना पाठवायचं, हा नानांचा ध्यास.

प्रोग्रामला मात्र भिंत कळेना. मी ती टाकली की जमीन चादरीसारखी तिच्यावरून पसरायची. नाना खवळले.

"अरे भाऊ, हाई जमीन भिंतवर चढी राहिनी! मंग भिंत कसाले?"

मी हात टेकले. नानांनी माझ्या घरून गोधडी मागवली. टेबलावर वह्यांची चळत रचली, अर्धी गोधडी चळतीवर, अर्धी खाली पसरली. मधे उतार आला. मग एक फूटपट्टी चळतीच्या काठावर दाबली, दुसरी पायथ्याशी. गोधडी सरळसोट खाली उतरली.

"भिंतले चिकटीसन उंचीन्या दोन रेघा टाक. एक वरनी, एक खालनी."

टाकल्या. जमीन भिंतीपाशी शहाण्यासारखी थांबली. सोबतच्या पुस्तिकेत हे कुठेच नव्हतं. मी मनातल्या मनात नानांना दंडवत घातला. उघड घालायची सोय नव्हती, लगेच माझ्या कामातल्या चुका काढायला बसले असते.

"आते आप्पानी खिडकीमाईन दखाड."

आप्पांच्या स्वयंपाकघरातून दिसेल तसं चित्र मी लावलं. खिडकीभर नुसती भिंत. नानांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"इतला वरीस आप्पा हाईच देखी राहिना."

मग त्यांनी चित्रातलं स्वतःचं अंगण तीन फूट खाली घ्यायला लावलं. भिंत तेवढीच उतरली, आप्पांच्या खिडकीत आभाळ आलं. ओटा गेला, मोगरा गेला, संध्याकाळची बसायची जागा गेली. पाणी कडेनं गटारीकडे वळलं. प्रिंट घडी करून ते गेले.

पुढचे दोन शनिवार नाना आलेच नाहीत. मला करमेना. तिसऱ्या शनिवारी आले आणि तोच कागद टेबलावर उलगडला. भिंतीत कुणीतरी पेन्सिलीनं पायऱ्या काढल्या होत्या, आप्पांच्या दारापासून नानांच्या अंगणापर्यंत.

मी लगेच पायऱ्या कंप्युटरवर घ्यायला बसलो. सवयीनं सरळ करू लागलो, तर नानांनी मनगट धरलं.

"वाकड्याच ऱ्हाऊ दे. आप्पानी काढेल शेतस."