बंदूक पूजेला गेली

चित्राने अण्णाकाकांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं : रविवारी फौजदार येतील, बंदूक बघतील, चार प्रश्न विचारतील, चहा घेतील आणि जातील. यात बिघडण्यासारखं आहेच काय?

अण्णाकाका म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. ते ठाण्याला राहायचे आणि काळजी करायचे. एकावन्न सालच्या आषाढात थोरले भाऊ त्र्यंबकराव गेले, तेव्हापासून तर त्यांना दुसरा उद्योगच उरला नव्हता. डोंबिवली आणि ठाकुर्लीच्या मधे, भातशेतीच्या कडेला, एकट्या पडलेल्या घरात मायलेकींनी राहायचं म्हणजे काय? त्यातून मागच्या महिन्यात स्टेशनाजवळच्या एका घरातून चोरांनी तांब्याचा बंब नेला, तोही आतल्या निखाऱ्यांसकट.

"पेटलेला बंब नेणारी माणसं," अण्णाकाका म्हणाले, "ती काय कडीकुलपाला भिणार?"

त्यांनी ठाण्यात आपल्या घरामागच्या दोन खोल्या बघूनही ठेवल्या होत्या. एकीच्या खिडकीतून म्हशींचा गोठा दिसायचा. दुसरीला खिडकी नव्हती.

आईला आणि चित्राला घर सोडायचं नव्हतं. जंगल खात्यातली नोकरी संपल्यावर बाबांनी ते हौसेने बांधलं होतं. आई अजून रोज त्यांची खुर्ची पुसायची आणि होती तिथेच ठेवायची. खूप वाद झाल्यावर तोड निघाली. बाबांची दुनळी बंदूक घरात होतीच. ती चित्राने चालवायला शिकावं आणि परवाना आपल्या नावावर करून घ्यावा. मिळाला, तर अण्णाकाका पुन्हा ठाण्याचा विषय काढणार नाहीत. नाही मिळाला, तर बंदूक सरकारजमा आणि मायलेकी दिवाळीच्या आत ठाण्याला.

शिकायची सोयही झाली. चोरांच्या धास्तीने महिला मंडळाने ठाकुर्लीच्या मागच्या एका पडक्या दगडखाणीत बायकांसाठी वर्ग काढला. शिकवायला विश्राम सुभेदार. या गृहस्थांनी महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाडे पाहिले होते, पण नऊवारीत ओळीने उभ्या राहिलेल्या बायका पाहून पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडून हुकूम फुटेना. पोस्टमास्तरांच्या शकूताई बंदुकीला आधी नमस्कार करायच्या आणि मग डोळे गच्च मिटून चाप ओढायच्या.

"बाई, डोळे उघडे ठेवा," सुभेदार काकुळतीला येऊन म्हणायचे.

"उघडे ठेवले की आवाज फार मोठा येतो हो."

चित्राचा पहिला बार मडक्याऐवजी शेजारच्या बाभळीला लागला आणि खांदा आठवडाभर भरताच्या वांग्यासारखा राहिला. पण ती शाळेत गणित शिकवायची. चिकाटी अंगात होती. भाद्रपद संपेपर्यंत मडकी फुटायला लागली. घरी आल्यावर ती बंदूक पुसून खुंट्यांवर ठेवायची. लाकडी दस्त्याला अजून बाबा लावायचे त्या तेलाचा वास होता. तेल संपलं तेव्हा बाबा जिथून आणायचे तिथूनच तिने नवं आणलं.

रविवार उजाडला. अण्णाकाका पहिल्या गाडीने येऊन ओट्यावर बसले होते, छत्री दोन गुडघ्यांत धरून. पाठोपाठ कल्याणहून फौजदार आले. उंच, मिशाळ, कमरेला रिव्हॉल्व्हरचं चामडी म्यान. बरोबर नाथा शिपाई.

"बंदूक चालवता येते हे तर बघूच," फौजदार म्हणाले. "पण मी आधी बघतो ती घरात ठेवलेली कशी आहे. निष्काळजी माणसाला परवाना नाही. आणा बंदूक."

चित्रा ऐटीत मधल्या खोलीत गेली. खुंट्या रिकाम्या होत्या.

तिने पलंगाखाली पाहिलं, गाद्यांच्या मागे पाहिलं, तांदळाच्या पिंपातही हात घालून पाहिलं. मग पदर सारखा करून बाहेर आली आणि म्हणाली, "आधी चहा घेता ना?"

"बंदूक बघून घेऊ."

"आलं घालून करते," असं म्हणून ती मागच्या दाराने थेट विहिरीवर धावली. आई धुणं पिळत होती.

"आई, बंदूक कुठंय?"

"ठमाबाईंकडे."

"कुणाकडे?"

"अगं, आज खंडेनवमी. आपल्याकडे या वर्षी सण नाही. पण म्हणून तिची पूजा चुकवायची का? ह्यांनी एकही वर्ष चुकवली नव्हती. म्हणून पहाटे चादरीत गुंडाळून ठमाबाईंकडे देऊन आले."

घरात सणच नसल्यामुळे चित्राला तिथीची आठवणच राहिली नव्हती. "अगं, बाहेर फौजदार बसलेत."

"बसू देत. प्रसाद आला की त्यांनाही देऊ."

मागच्या दारात अण्णाकाका उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण त्यांच्या मनाने त्यातली दोनच वाक्यं ठेवून घेतली : बंदूक घरात नाही, आणि पोलीस बाहेर आहेत. "बंदूक गेली!" असा त्यांनी टाहो फोडला. फौजदार ताडकन उठले. चोरी नाही, पूजा आहे, हे त्यांना पटवेपर्यंत चित्राचा घसा कोरडा पडला, आणि पटल्यावर तर ते जास्तच भडकले.

"परवाना नसलेल्या घरात बंदूक दिली? चादरीत गुंडाळून? नाथा, चल. पंचनामा."

बांधावरून वरात निघाली. पुढे फौजदार, मागे नाथा, मागे छत्री सावरत अण्णाकाका, मागे चित्रा आणि ओल्या हातांची आई. पोलीस बघून आळीतली माणसं मिळत गेली. बंबाचा चोर सापडला, अशी बातमी त्यांच्याही पुढे पळत होती. एकाने तर येताना बैल बांधायचं दावं आणलं.

ठमाबाई म्हणजे तिथल्या जुन्या आगरी कुटुंबातल्या. निम्मी भातशेती त्यांची. त्यांच्या पडवीत नांगराचा फाळ, विळे, कोयते, मिठागरातली फावडी आणि नवऱ्याची सायकल असा दरबार भरला होता. मधोमध पाटावर बंदूक, झेंडूच्या माळेत. दोन्ही नळ्यांना कुंकवाची बोटं आणि किडामुंगी जाऊ नये म्हणून तोंडात एकेक झेंडू.

"नाथा, उचल ती," फौजदार म्हणाले.

नाथा जागचा हलला नाही. ठमाबाई मात्र पाटासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आज हात लावाचा नाय. पूजा जालेली हाय. उद्या दसरा जाला का न्या."

"बाई, हे सरकारी काम आहे."

"आसंल. सरकारच्या घरी नवमी नाय का?"

नाथा खाकरला. "साहेब, एक बोलू का? आपलं रिव्हॉल्व्हरपण चौकीत पाटावरच आहे. निघताना बाईसाहेबांनी बजावलंय, उद्यापर्यंत हात लावायचा नाही म्हणून."

सगळ्यांच्या नजरा फौजदारांच्या कमरेकडे गेल्या. त्यांचा हात तिथे आधीच पोचला होता. म्यान भरलेलं दिसत होतं खरं. पण त्यातून पानाच्या चंचीची दोरी बाहेर लोंबत होती.

"आन चौकीत ध्यान कोन ठेवतंय?" ठमाबाईंनी विचारलं.

फौजदारांनी चंची काढली, पान जुळवलं आणि सावकाश चावलं. मग ते पडवीच्या कडेला टेकले.

"पंचनामा राहू दे," ते म्हणाले. "पण इतक्या लांब आलोय तर काम करूनच जाईन. बाई, काकांची छत्री घ्या आणि शिकलात ते करून दाखवा."

अण्णाकाकांच्या हातातून छत्री सोडवून घ्यायला थोडा वेळ लागला. चित्राने ती हातावर आडवी घेतली. नसलेली कळ दाबली, नसलेल्या नळ्या उघडून त्यांतून आरपार बघितलं, नसलेली काडतुसं भरली, दांडा खांद्याला लावला आणि छपरावरच्या भोपळ्यावर नेम धरला. गर्दीत कुणी हसलं. घर राहणार की जाणार, हे आता एका छत्रीवर येऊन ठेपलं होतं.

तेवढ्यात अण्णाकाकांना राहवेना. "अगं, काडी मोडेल," म्हणत ते मधे धावले.

छत्रीचं टोक झटकन खाली गेलं, जमिनीकडे. चित्राचं बोट मुठीवरून दूर झालं. ते तिचं तिलाही कळलं नाही.

"खाली का केलीत?" फौजदारांनी विचारलं.

"काका समोर आले ना."

"छत्री आहे ती."

"हो," चित्रा म्हणाली. "पण माणूस समोर आला."

फौजदारांनी उठून टोपी नीट केली. "जी छत्रीसुद्धा माणसावर रोखत नाही, तिच्या हातात बंदूक द्यायला माझी हरकत नाही. मी तसं वरती कळवतो, परवाना मिळून जाईल. मात्र यापुढे पूजा आपापल्या घरात."

"पुढच्या वर्षी घरातच," आई म्हणाली. "तोवर वर्ष झालेलं असेल." आणि तिने ओले हात पदराला पुसले.

ठमाबाईंनी सगळ्यांच्या हातावर शिरा ठेवला, दावं आणणाऱ्याच्याही. चित्रा पडवीच्या पायरीवर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनमोकळं हसली. हसता हसता डोळे भरून आले. ते कशाने, हे तिने तपासत बसायचं नाही असं ठरवलं.

परतीच्या गाडीपर्यंत ती अण्णाकाकांना पोचवायला गेली. गाडी आल्यावर ते म्हणाले, "दिलेला शब्द मी मोडत नाही. राहा इथेच. पण हे छत्रीबित्रीचं तुझ्या काकूच्या कानावर घालू नकोस. तिला नसते उत्साह फार."

चित्राने अक्षरही काढलं नाही. तरी पुढच्या रविवारी काकू दारात टांग्यातून उतरल्या. ट्रंक, वळकटी आणि लोणच्याची बरणी घेऊन.

"सुभेदारांचा वर्ग किती वाजता असतो गं?" त्यांनी ओट्यावर पाय ठेवता ठेवता विचारलं. "महिनाभर राहते आता. तुम्ही दोघी एकट्या, म्हणून ह्यांनीच मला सोबतीला पाठवलंय, असं सगळ्यांना सांगायचं ठरलंय."