बायपासचं पथ्य

भिकाजी सारंगांची बायपास मुंबईत होऊन सहा वर्षं झाली होती, पण रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावातल्या त्यांच्या घरात ती अजून रोज चालू होती. पाहुणा ओटीवर टेकायचा अवकाश, भिकाजी त्याला छातीवरची शिवण दाखवत. डॉक्टरांनी फक्त तळलेलं कमी करायला सांगितलं होतं. भिकाजींनी घरातून मासेच हद्दपार केले.

"मी दुधी गिळायचा नि तू सुरमई खायची? माझ्या हृदयाला सोसायचं नाय!" असं त्यांनी म्हटलं, की दमयंतीबाई दुधी चिरायला घेत. हृदयापुढे कोण बोलणार?

डॉक्टरांनी चालायलाही सांगितलं होतं. हे पथ्य भिकाजी मनापासून पाळत. दुधी चिवडून झाला, की चालत शेजारच्या यमुनाबाईंकडे जात आणि मागच्या पडवीत मासे चापत.

त्या बुधवारी मात्र ते छाती धरूनच परतले.

"अगो, छातीत टोचतंय. वरच्या अंगाला. आवंढा गिळला की जास्तच!"

वाडी गोळा झाली. वाडीतल्या शिवानं त्यांना खुर्चीसकट आपल्या टेम्पोत चढवलं. भिकाजी खरोखरच घाबरले होते. त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला.

"दमयंती, जाण्याआधी एक सांगायचं होतं..."

"काय एक बोलू नका. हृदयाला ताण पडेल!"

रत्नागिरीत डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. "हृदय ठणठणीत आहे."

"नीट बघा डॉक्टर, बायपासवालं आहे ते!" भिकाजींना हा अपमानच वाटला.

"दुपारी काय खाल्लं होतं?"

"दुधी नि मऊ भात. सहा वर्षं हेच," दमयंतीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी भिकाजींना तोंड उघडायला लावलं, घशात उजेड पाडला आणि लांब चिमट्यानं खोलवर रुतलेला काटा ओढून काढला.

"दुधीला काटे असतात का हो, बाई?"

भिकाजींनी डोळे मिटले. आता मात्र हृदय खरंच धडधडू लागलं.

दमयंतीबाईंनी काटा निरखला. "करलीचा आहे, त्या माशाला काटेच फार. यमुनेला रोज बजावते, ह्यांना काटे काढून वाढ म्हणून!"

"रोज? तू कधी जातेस तिच्याकडे?"

"पाण्याला जाते ना, तेव्हा. तुमच्या आधी जेवून येते मी."

भिकाजी उठून बसले. संतापानं त्यांचा आवाज चिरकला.

"तरीच! सहा वर्षं मला रोज शेपटीचीच तुकडी!"