तीन नासके जादूगार आणि एक जावई

सास्तूरच्या शंभुलिंगनं कादंबरी लिहायला घेतली तेव्हा एकच प्रश्न होता: जादूगार आणायचे कुठून? चांगले नकोत, पार वाईटही नकोत. अधलेमधले, ओवाळून टाकलेले. डोकं खाजवून खाजवून केस गेले (होतेच किती!). शेवटी कंटाळून त्यानं माकणीची आख्खी सासुरवाडी उचलली, सगळ्यांना दाढ्या चिकटवल्या आणि कादंबरीत नेऊन बसवली. (सासूबाईंनाही. जादूगाराला दाढी नको?)

सासरे हणमंतप्पांचा झाला महाभैरव. शेजाऱ्याच्या बैलांना शाप द्यायचा आणि वर भेटायला जाऊन हळहळायचं. सासूबाई नीलम्मांनी सुनेचा वरवंटा केला, पण वस्तू वाया जाऊ नये म्हणून त्याच वरवंट्यानं रोज चटणी वाटली. मेहुणा मल्लेश मेलेल्या माणसाला उठवायचा, कपाटाची किल्ली कुठं ठेवली ते विचारायचा आणि परत निजवायचा. सामान वाहायला एक गाढव होतं. आणि या नासक्या मंडळींना वळणावर आणणारा देखणा, शूर, निर्मळ सत्यसेन शंभुलिंगनं स्वतःवरून घेतला होता. (दुसरं कुणी घेणार नव्हतंच.)

पुस्तक धाराशिवला छापायला जायच्या आधी बायकोनं, शुभांगीनं, कौतुकानं सगळी कादंबरी मोबाइलवरून माहेरी धाडली. (न वाचता. तिला वेळ कुठला!) दोन दिवसांनी म्हणाली, "आईबाबा येतायत. कादंबरीवर बोलायचंय म्हणे. बाबांचा आवाज जरा चढला होता."

शंभुलिंगनं सगळं सांगून टाकलं.

"माझ्या आईला दाढी?" शुभांगी उसळली. "बाबा दुखावले तर मी त्यांच्याच जीपमधून माकणीला जाते. तुम्ही बसा त्या सत्यसेनाला घेऊन!"

तेवढ्यात जीप थांबली. ओसरीवर काठी आपटल्याचा आवाज आला.

"जावईबापू कुठंयत?"

"दारामागं," शुभांगी म्हणाली.

शंभुलिंग हात जोडत बाहेर आला. "शरणार्थ मामा. त्यातली समदी माणसं काल्पनिक हायत!"

"काल्पनिक? महाभैरव मी न्हाय?" काठी पुन्हा आपटली.

"व्हय… तुमीच."

"मग! मी नुसते चार बैल मारले अन् हिनं सुनेचा पार वरवंटा केला? घरात हिचाच दरारा जास्त, असं लोकांनी म्हणावं व्हय? मला दोन शाप वाढवून द्या!"

"माझी दाढी मातर जरा लांब पायजे व्हती," नीलम्मा म्हणाल्या.

शंभुलिंगचा जीव भांड्यात पडला. शुभांगी हसत चहा टाकायला उठली. त्यानं तिथंच गप्प बसायचं की नाही? पण लेखकच तो. "अन् मामा, सत्यसेन कसा वाटला?"

हणमंतप्पांनी तोंड वाकडं केलं. "तेवढा काढून टाका. बाकीची माणसं जित्ती वाटत्यात. असला माणूस असतोय व्हय कुठं?"

शंभुलिंगचं तोंड एवढंसं झालं. नीलम्मांना दया आली.

"अवो, असं काय बोलता? जावईबापूंनी सवताला घातलंय त्यात. मी लगीच वळखलं."

शंभुलिंगची छाती फुगली. कुणाला तरी कळलं!

"ते गाढव न्हाय का," नीलम्मा मायेनं म्हणाल्या, "समद्यांचं सामान वाहतंय, अन् कुणी काठी आपटली की दारामागं जाऊन हुबं ऱ्हातंय? अगदी हुबेहूब!"

पुस्तक छापून आलं. सत्यसेन त्यात नाही. गाढवाची दोन प्रकरणं वाढवली आहेत, आणि शुभांगीनं अखेर नवऱ्याची कादंबरी वाचली. तेवढीच दोन प्रकरणं.