मरिदेवप्पांचं मंडूकासन

म्हैसूरच्या मरिदेवप्पांना साखरेपेक्षा सुईची धास्ती फार. (बोटाला टोचून साखर मोजायची म्हटलं तरी ते डोळे घट्ट मिटून नंजुंडेश्वराला हाक मारत.) त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाले, "संक्रांतीच्या सकाळी उपाशीपोटी साखर दीडशेच्या खाली दिसली नाही, तर रोज पोटात इन्सुलिनची सुई," तेव्हा ते उठले ते थेट समोरच्या शेषगिरी गुरुजींच्या योगवर्गात जाऊन बसले.

"मुठी बेंबीशी दाबा, पुढे वाका, बेडूक व्हा," गुरुजींनी सांगितलं.

मरिदेवप्पा चाळीस दिवस बेडूक झाले. ध्यानही केलं. डोळे मिटले की तुपात न्हालेली पुरणपोळी समोर येई, तरी हलले नाहीत. गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या. गोडाचा कण कवळीला लागू दिला नाही.

संक्रांत उजाडली. गौरम्मा म्हणाली, "अहो, नुसते बसलाच आहात, तर वाटायच्या तिळगुळासाठी एवढी ढेप कापा. कापायची हं, चाखायची नाही!"

त्यांनी अख्खी ढेप बारीक कापली. बोटसुद्धा चाटलं नाही. हात पंच्याला पुसले आणि बोट पुढे केलं.

यंत्रावर आकडा आला तीनशे शहाऐंशी!

"किती तुकडे गिळलेत?" गौरम्मा कडाडली.

"अगं, तुझ्या गळ्याची शपथ!"

"माझा गळा कशाला? खाल्लंय तुमच्या गळ्यानं! थांबा, गुरुजींनाच आणते."

ती तरातरा गेली. गुरुजी तेव्हा शीर्षासनात उलटे होते. ते सुलटे होऊन, सदरा घालून यायला चांगला अर्धा तास लागला.

इकडे मरिदेवप्पा एकटे. समोर तीळ, खोबरं, गुळाची भरली परात आणि संक्रांतीला वाटायचे, साच्यात पाडलेले साखरेचे पांढरेशुभ्र हत्ती. त्यांनी विचार केला, सुई तर आता चुकत नाही. मग निदान उपाशी तरी का टोचून घ्या? दोन मुठी तिळगूळ गेला. मागोमाग एक हत्ती गेला. (लहानसाच होता.)

गुरुजी आले, परात पाहिली, बोटं पाहिली आणि हसले. "गौरम्मा, यांचे हात गुळानं माखलेत! आकडा बोटावरच्या गुळाचा. हात धुवा आणि पुन्हा मोजा."

मरिदेवप्पांचा चेहरा पडला. (हे अर्ध्या तासापूर्वी सुचायला गुरुजींना काय झालं होतं?) साबणानं तीनदा हात धुतले. आकडा आला दोनशे एक्क्याण्णव.

"धुतलेल्या हाताचे दोनशे एक्क्याण्णव?" गौरम्मा म्हणाली. "बोला की हो! तोंड का शिवलंय?"

मरिदेवप्पांनी नुसती मान हलवली.

"त्यांना बोलायला लावू नका," गुरुजी गहिवरले. "ध्यान मुरलंय. माणूस मौनात गेला!"

"मौन कसलं, गुरुजी?" गौरम्मानं हात पुढे केला. "अहो, कवळी काढा बघू."

कवळी निघाली. तिच्या फटींत तीळ बसले होते आणि वरच्या दातांना हत्तीची सोंड चिकटली होती.