सौंसर ते पांढुर्णा, डाकोटानं

रविवारी सकाळी सव्वाआठ वाजता प्रफुल्लचा डावा अंगठा विमानाला चिकटला, तेव्हा विमानाच्या इंजिनापुढचा फक्त एक पंखा लावायचा राहिला होता.

विमान प्लास्टिकचं होतं. जुन्या जमान्यातलं डाकोटा. वीतभराहून थोडं लांब, पंख पसरलेले दोन वीत, अंगाला चांदीचा रंग. नागपूरहून आणलेल्या खोक्यातले सुटे तुकडे प्रफुल्लनं दीड महिना रोज शाळेतून आल्यावर जोडले होते. सौंसरच्या शाळेत तो भूगोल शिकवायचा. हाताच्या कामाशी त्याचा संबंध खडूपुरता. पण आज पांढुर्ण्याला त्याच्या सासऱ्यांना, यशवंतरावांना, अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण होत होती. तरुणपणी ते नागपूरच्या विमानतळावर नोकरीला होते, आणि डाकोटाचं इंजिन कसं खोलतात हे त्यांनी लग्नात, बारशात, एकदा तर तेरवीच्या पंगतीतसुद्धा सांगितलं होतं.

जावयाला मात्र त्यांनी चोवीस वर्षांत एकच गोष्ट सांगितली होती. पहिल्या दिवाळसणाला प्रफुल्लनं सासरचा गळका नळ दुरुस्त करायला घेतला आणि अनारशांची परात स्वयंपाकघरात तरंगू लागली. यशवंतराव म्हणाले, "जवाई, तुमच्या हाताले कारीगरी नाई." तेव्हापासून हे वाक्य त्याला दर दिवाळीला फराळासोबत मिळत होतं.

ते आज खोडायचं होतं. आणि नेमका आजच खोक्यातला गोंद वाळला. मग प्रफुल्लनं चपला चिकटवायच्या झटपट गोंदाची ट्यूब काढली. तिचं तोंड बुजलं होतं. त्यानं दाबली. आणखी दाबली. मग ट्यूबनं होतं नव्हतं ते एकदम दिलं, आणि पंखा सोडून सगळ्याला गोंद लागला.

"उर्मिला," त्यानं बायकोला हाक मारली, "जरा इकडे ये. घाबरू नको."

उर्मिला घाबरली नाही. तिनं कोमट पाणी आणलं, खोबरेल तेल आणलं, शेवटी भांड्यांचा साबण आणला. अंगठा विमानाच्या डाव्या पंखाखालून हलेना.

"अजी, ओढू नका. कातडं निघन."

"कातड्याचं काई नाई. रंग निघन न!"

"मंग असेच चाला. साडेनवाची बस चुकली तर दादा केक कापून मोकळा होईन."

दादा म्हणजे तिचा भाऊ गजेंद्र. त्यानं अकरा वाजता अर्धी गल्ली बोलावली होती.

उरलेला पंखा खिशात टाकून, डावा हात छातीशी धरून प्रफुल्ल बसमध्ये चढला. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"हे काय होय, गुरुजी?"

"विमान."

"ते दिसून राहिलं. मंग विमान असून बसनं कायले जाऊन राहिले?"

बस हसली. खिडकीशी कवडू नावाचा एक बागायतदार संत्र्यांची थैली मांडीवर घेऊन बसला होता. तो हसला नाही. त्यानं अंगठ्याची नीट पाहणी केली आणि एक संत्रं सोललं.

"डांबर असो का डिंक असो, आमी साल पिळतो. सुटते म्हणजे सुटते."

त्यानं साल दुमडून दाबली. सालीच्या तेलाचा बारीक फवारा अंगठ्याभोवती उडाला. दुसरी साल झाली, तिसरी झाली. मागच्या सीटवरून दोघांनी आपल्या साली पुढे केल्या. अंगठा जागचा हलला नाही. पण प्लास्टिक मात्र मऊ, चिकट होऊ लागलं.

"थांबा, थांबा! विमान वितळून राहिलं!" प्रफुल्ल ओरडला.

तेवढ्यात ड्रायव्हरनं गतिरोधक पाहिला, जरा उशिरा. बस उसळली, अंगठा सुटला, आणि डाकोटा उडालं. दोन सीटा ओलांडून ते एका बाईच्या मेथीच्या गठ्ठ्यात नाक खुपसून उतरलं.

"उतरलं बापा सुखरूप!" कवडूनं जाहीर केलं.

पूर्ण सुखरूप नव्हतं. शेपटीचा उभा तुकडा निखळला होता आणि डाव्या पंखाखाली अंगठ्याचा ठसा खोल उमटला होता, रेषान्‌रेषा दिसेल असा. विमान कोणासाठी हे वाटेत कळलं होतं, म्हणून पांढुर्ण्याला उतरताना कवडूनं प्रफुल्लच्या हातात दोन संत्री कोंबली. "बुढ्याले माझ्याकून द्या."

"बाबाले विमान दाखवूच नका," रस्त्यात उर्मिला म्हणाली. "संत्रे देऊ न आपण."

पण दारातच गजेंद्रनं पाहिलं. "आले भाऊजी! अन् हे काय आणलं? बाबा, विमान पाहा, विमान!" आणि विमान हातोहात खोलीच्या मधोमध पोचलं, जिथे गळ्यात हार घालून यशवंतराव बसले होते. मागोमाग शेपटीचा तुकडा पोचला.

यशवंतरावांनी विमान डोळ्यांजवळ नेलं.

"कोनं केलं?"

"मीच, मामाजी," प्रफुल्ल म्हणाला आणि वाक्याची वाट पाहू लागला.

"सारे बाहेर जा," यशवंतराव म्हणाले. "दुरुस्ती करा लागते. जवाई थांबन फक्त."

"आता खरा मेकॅनिक हात लावन," गजेंद्र पाहुण्यांना सांगत बाहेर गेला. म्हाताऱ्यानं उठून कडी लावली. प्रफुल्लनं मान खाली घातली. चोवीस वर्षांत ते त्याच्यावर नेहमी चारचौघांत रागावले होते. दार लावून कधीच नाही. म्हणजे आज मोठं काही होतं.

यशवंतरावांनी चष्मा लावला. प्रफुल्लनं खिशातून काढून दिलेला पंखा असा धरला, तसा धरला. मग हळू आवाजात विचारलं, "जवाई, हा कोणत्या बाजूनं लागते?"

"मामाजी, ते तर तुमालेच मालूम."

"मले कायचं मालूम! इंजिनाले हात लावू देत होते काय मले?"

प्रफुल्लनं मान वर केली.

"शिडी लावो मी," यशवंतराव म्हणाले. "विमान थांबलं का दाराले शिडी लावाची, लोक उतरले का काढाची. सात वर्सं. उर्मिलाच्या मायले पाहाले गेलो, तं तिच्या बापानं इचारलं, मेकॅनिक हा काय? मी काई बोललो नाई. दुसऱ्या दिवशी साऱ्या गावात मेकॅनिक."

"अन् इंजिन खोलाचं ते?"

"पाहो न मी. शिडीवर बसून."

"मंग माझा नळ..."

"तुमी नळ फोडला न, तं मले वाटलं, आता सारे म्हणन, यशवंतराव, तुमीच करा. म्हणून पयलेच तुमच्यावर चिल्लावलो." ते थांबले. "अन् मंग दरसाल चिल्लावा लागलं."

प्रफुल्लला राग यायला हवा होता. त्यानं तो आणायचा प्रयत्नही केला. पण समोर हार घातलेला म्हातारा हातात उलटा पंखा धरून, मार खायला आलेल्या पोरासारखा बसला होता. प्रफुल्लला हसू फुटलं. मग यशवंतरावांनाही फुटलं. बाहेर पाहुणे म्हणाले, "काम चालू झालं वाटते."

गोंद नव्हता. प्रफुल्लला बसमधलं चिकट प्लास्टिक आठवलं. त्यानं कवडूचं संत्रं सोललं, यशवंतरावांनी साल पिळली, आणि पंखा व शेपूट दाबून धरून दोघं अर्धा तास बसले. हळूहळू दोन्ही चिकटले. दोघांपैकी कोणीही फार जोरात श्वास घेतला नाही.

मग यशवंतरावांनी विमानाच्या मागच्या अंगाला, कोरलेल्या दारावर बोट ठेवलं. "येथी. येथीच लावत होतो." जरा वेळानं म्हणाले, "खोक्यात शिडी नाई येत काय?"

"नाई, मामाजी."

प्रफुल्लनं इकडेतिकडे पाहिलं. देवापुढे विझलेल्या अगरबत्त्यांच्या काड्या होत्या. त्या त्यानं मोडल्या, हाराचा दोरा सोडवून घेतला आणि चार पायऱ्या बांधल्या. शिडी एका बाजूला कलत होती. म्हाताऱ्यानं ती दोन बोटांत धरून दाराशी टेकवली, मागे सरकला आणि नकळत ताठ उभा राहिला.

दार उघडलं. गल्ली आत आली.

"अन् हे शिडी कायले, बाबा?" गजेंद्रनं विचारलं.

यशवंतरावांनी जावयाकडे पाहिलं, घसा साफ केला आणि साठ वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत खरं सांगितलं. "ते माझं काम होतं. मेकॅनिक-बिकॅनिक नोतो मी. शिडी लावो."

मग गजेंद्रचे डोळे भरून आले. "पाहा," तो पाहुण्यांना म्हणाला, "एवढा मोठा मेकॅनिक, पण गर्व म्हणून नाई!"

टाळ्या वाजल्या. "अरे, खरंच सांगून राहिलो!" यशवंतराव म्हणाले. टाळ्या वाढल्या.

केक कापून होतो न होतो तोच शेजारच्या प्रमिलाबाई पदराखालून काहीतरी घेऊन आल्या. बंद पडलेला मिक्सर होता.

"यशवंतराव, आजवर तुमाले तरास देला नाई. पण आता जवाईबी तयार झाले, तं दोघं मिळून पाहा न जरा."

यशवंतरावांनी मिक्सर उलटा केला, सुलटा केला आणि प्रफुल्लकडे सरकवला.

"जवाई," ते कुजबुजले, "खोलाचं काय?"

"खोलू, मामाजी," प्रफुल्ल म्हणाला आणि बाह्या सरसावल्या.