वर्षाची शंभर टक्के हजेरी

प्रफुल्ल यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याला, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये मनुष्यबळ अधिकारी झाला, तेव्हा कापसाचे दिवस इतके वाईट होते, की आज या जिनिंगला कुलूप, उद्या त्या जिनिंगला. त्याची जिनिंग मात्र अकरा देशांत कारखाने असलेल्या कंपनीनं घेतलेली. आता कंपनी म्हटली की पत्रं आलीच! "ब्राझीलच्या कारखान्यात हजेरीला बक्षीस ठेवलं, काम वाढलं. तुम्हीही ठेवा. हजेरी नव्वद टक्क्यांखाली गेली, तर कारखाना बंद."

नागपुरात एमबीए करून मिळालेली ही पहिलीच नोकरी. प्रफुल्लला घाम फुटला. त्यानं कापसातला कचरा निवडणाऱ्या बंजारा तांड्यावरच्या बायांना गोळा केलं आणि सांगितलं, "संक्रांतीपर्यंत जिचा एकही खाडा नाही, तिला कुकर!"

"एकही नाही?" मुकादमीण लालीबाईनं विचारलं.

"एकही नाही. तिच्या नावाचा बिल्ला रोज फाटकावर दिसला पाह्यजे."

"बिल्ला दिसन न साहेब. काळजी नका करू."

आणि दिसला की! अकरा देशांत पांढरकवडा पहिला. त्यातही लालीबाईची सून वर्षा सगळ्यांत पुढे. एक दिवस चुकली नाही बाई. बक्षीस द्यायला परदेशातून बडे साहेब आले. प्रफुल्लनं कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि ऐटीत नाव पुकारलं. तीन माणसं उभी राहिली.

दीड महिन्याचं बाळ घेतलेली वर्षा, लालीबाई आणि वर्षाचा नवरा संजय.

"याडी, तू बस न," संजय आईला म्हणाला. "जास्त दिवस मी आलतो."

"आलता! अन् कापसावर झोपून राह्यला."

"अरे, पण हजेरी वर्षाची होती!" प्रफुल्ल ओरडला.

"आमच्या तांड्यात घरटी एक मानूस द्याची रीत हाये साहेब," लालीबाई म्हणाली. " लग्न असो का विहीर खोदाची असो. कोन याचं, ते घर पाहीन. ओली बाळंतीन येईन का कापूस निवडाले? अक्कल कुठी गेली तुमची?"

ती काय म्हणते, असं बड्या साहेबांनी विचारलं. प्रफुल्लनं मान खाली घालून सगळं खरं सांगून टाकलं. गेली नोकरी, गेली जिनिंग!

साहेब तर खूश! "कामगार स्वतःच बदली माणूस पाठवतात? वा!" त्यांनी वही काढली.

पंधरा दिवसांत अकरा देशांना पत्र गेलं. सगळीकडे यवतमाळ पद्धत लागू. जिनिंग वाचली. ब्राझीलमध्येही म्हणे सुनेच्या जागी सासवा येऊ लागल्या. पत्राच्या तळाशी एकच ओळ होती: या पद्धतीत मनुष्यबळ अधिकाऱ्याची गरज उरत नाही.

प्रफुल्ल फाटकाजवळ डोकं धरून बसला.

"काहून रडून राह्यले साहेब?"

"घरी काय तोंड दाखवू लालीबाई? माय गावभर सांगते, पोरगा साहेब झाला म्हणून."

लालीबाईला मेल्याची दया आली. तिनं कनवटीचा वर्षाच्या नावाचा बिल्ला काढून त्याच्या खिशाला अडकवला. "संजय उद्या सासुरवाडीले चाल्ला. आमच्या घरून तुमी या. पन कापसावर झोपू नका, सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी वर्षा पाच मिनिटं आधीच फाटकावर हजर झाली, कडक इस्त्रीच्या शर्टात.