प्रमाण वजन

जेवण होऊन दोन तास झाल्यावर काटेसाहेबांनी हात साबणाने धुऊन बोट पुढे केलं, तेव्हा त्यांचा सगळा जीव फ्रिजमधल्या केकमध्ये अडकला होता. आज नातीचा वाढदिवस. साखर एकशे साठच्या आत आली तर संध्याकाळी केकचा एक तुकडा, नाहीतर काकडी, असा त्यांच्या बायकोचा हुकूम होता.

"एकशे बासष्ट," सुनेने मशीनवरचा आकडा वाचला.

"काकडी," बायको म्हणाली.

साहेब निवृत्त वजनमापे निरीक्षक. दुकानात पाऊल टाकण्याआधीच तिथला काटा खोटा आहे, हे त्यांना ठाऊक असायचं, म्हणून तर गल्लीने 'काटेसाहेब' हे नाव दिलं होतं. त्यांनी मशीनच्या खोक्यातला कागद चष्म्याला चिकटवला आणि आनंदाने ओरडलेच.

"शंभराला पंधरा इकडेतिकडे चालतात म्हणे! एवढी सूट मी दिली असती तर सगळा बाजार हार घेऊन आला असता!"

"अहो, मशीनशी काय भांडता?"

"भांडत नाही, तपासतोय. काटा तपासायला प्रमाण वजन लागतं. या घरात ना बीपी, ना शुगर, असं कोण आहे? तूच. आण बोट."

"माझं कशाला? भांडी पडलीयेत."

"घाबरलीस!"

आता ती कसली मागे हटतेय! तिने तरातरा हात धुतले आणि बोट पुढे केलं.

"अगं बाई! आई, एकशे शहाण्णव!" सून किंचाळली.

साहेबांनी टाळीच वाजवली. आत्तापर्यंत लबाड असलेलं मशीन एका क्षणात हरिश्चंद्र झालं. "काय अचूक आहे! सूनबाई, काकडी हिला! साखरेचा डबा माझ्या ताब्यात!"

बायको मात्र खुर्चीवर टेकली. "तरीच," ती हळूच म्हणाली, "हल्ली जिना चढताना दम लागतो."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. "आधी बोलायचं नाही का? चल, दवाखान्यात चल. थांब, झाडांना पाणी घालून आलोच." काळजी वाटली की त्यांना गच्चीवर झाडं आठवत.

डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या शिरेतून रक्त घेतलं, त्याच वेळी मशीनवरही तपासलं आणि तासाभराने दोघांना आत बोलावलं.

"काकू, तुमची साखर उत्तम आहे. हिमोग्लोबिन मात्र आठ. रक्त इतकं पातळ असलं की हे मशीन साखर फुगवून सांगतं."

"बघा! खोटंच निघालं!" साहेब उसळले.

"तुमच्या बाबतीतही, काका. तुमचं रक्त जास्तच घट्ट आहे, तिथे ते कमी दाखवतं. खरा आकडा बराच वर आहे. सिगारेट ओढता?"

"छे! कधीच सोडली!"

"मग गच्चीवर सारखं कशाला जाता?" बायकोने विचारलं. "तिथली झाडं तर उन्हाळ्यातच वाळली."

पकडलेला दुकानदार जमिनीकडे का बघत बसतो, ते साहेबांना त्या दिवशी कळलं. त्यांना फार वाईट वाटलं. ही दम खात जिना चढत होती, आणि आपण वर जाऊन धूर सोडत होतो.

संध्याकाळी नातीने केक कापला आणि गडबडीत एक तुकडा आजोबांच्या हातात ठेवला. साहेबांनी त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि बशी बायकोपुढे सरकवली.

"मघाशी लोहाची गोळी घेतलीस ना? आता हे खा. घरातलं प्रमाण वजनच कमी भरायला लागलं तर मी बघू कुणाकडे?"

बायकोने केक चवीचवीने खाल्ला. शेवटी बोटाच्या पेराएवढा उरला, तो उचलून तिने साहेबांच्या तोंडासमोर धरला.

"शंभराला पंधरा चालतात ना? घ्या."

साहेबांनी एवढा मोठा आ केला. घास जागचा हलला नाही. तिने दुसरा हात पुढे पसरला होता.

"आधी सिगारेटचं पाकीट."

साहेबांनी उघड्या तोंडानेच खिशात हात घातला.